चार फुटांत दोन जोड्या

पृथ्वीवर आजवर जेवढी महायुद्धं झाली, जेवढी राज्यं बुडाली आणि जेवढे सख्खे भाऊ एकमेकांच्या मयताला गेले नाहीत, ते सगळं एकाच कारणामुळे झालं: हद्द कुठून जाते हे सांगणारा नेमका, निःपक्षपाती मोजणीदार त्या जागी वेळेवर हजर नव्हता. हे मी मार्चमधल्या एका सकाळी साडेसहाला, बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर, गाळणीत मेलेला मासा धरून बोललो. श्रोत्यांत एकटी माझी बायको इंदू होती. ती म्हणाली, "ती गाळणी चहाची हाये. अन् त्याच हातानं दुधाच्या गंजाले शिवसान तं पाहा."

मासा माझा असता तर एवढं तत्त्वज्ञान सुचलं नसतं. तो लहानूचा होता. लहानू म्हणजे माझा धाकटा भाऊ; हुडकेश्वरला एकाच प्लॉटवर, मधल्या भिंतीच्या पलीकडच्या घरात राहतो. गेल्या महिन्यात त्याच्या मुलाला, साहिलला, हैदराबादला मुलगी झाली. सून मोनालीच्या मदतीला लहानू आणि त्याची बायको रुखमाबाई तिकडे गेले, आणि जाताना आपली माशांची जोडी माझ्या टाकीत सोडून गेले. क्रिबेन्सिस नावाचे मासे. बोटाएवढे. नर जरा लांबट, शेपटीवर ठिपके. मादी बुटकी, आणि पोटावर कोणी जांभूळ खाऊन हात पुसावा तसा रंग. दिसायला गरीब. पण यांची जोडी जमली की ती पाण्यातला एक तुकडा आपला ठरवते आणि तिथे दुसऱ्याची सावली पडली तरी धावून जाते. माझ्याकडे अशीच एक जोडी आधीपासून होती. चार फुटांची टाकी, तिच्यात दोन जोड्या. आणि मी चौतीस वर्षं लोकांच्या शेतांच्या हद्दी कायम करून निवृत्त झालेला सरकारी मोजणीदार. मला वाटलं, हे तर घरचंच काम.

गाळणीतल्या माशाच्या कल्ल्यामागचे तीन खवले गेले होते. शेपटीची झालर कुरतडलेली. मी त्या टाकीसमोर रोज दोन तास बसतो. तीन खवले एका दिवसात जात नाहीत. आठ दिवसांपासून तो वरच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे, पंख अंगाशी दाबून उभा असायचा, शेवटची बस चुकलेल्या माणसासारखा. मी पाहत होतो. पाहत होतो आणि इंदूला सांगत होतो, "त्याले तिथली हवा मानवते." असंच वाक्य आपण कधीतरी आधी बोललो आहोत असं मला तेव्हाच वाटलं होतं, पण ते आठवायच्या आत मी पेपर उघडला. आता गाळणीतून पाणी टपकत होतं, ओट्यावर थेंब पडत होते, आणि वाक्य आठवलंच. वाटणीत लहानूला पश्चिमेचा भाग आला, दुपारभर ऊन ओकणारा, तेव्हा पाहुण्यांना मी म्हणालो होतो: त्याला ते ऊन मानवतं. लहानूही मान हलवून म्हणाला होता, हो जी, मानवते.

ही पाहुणी जोडी आली त्या दिवशी मी टाकी मोजली. लोक टाकीत आधी मासे सोडतात. मी आधी मोजणी केली. आतून लांबी एकशे एकोणीस सेंटिमीटर, निम्मे साडेएकोणसाठ. पारशिवनीला नोकरीत असताना पेंचच्या पात्रातून उचलून आणलेला एक चपटा दगड बरोब्बर निम्म्यावर आडवा घातला. इतवारीतून दोन सारखी बोळकी आणली. सारखी म्हणजे दुकानदाराच्या ढिगातली चाळीसएक बोळकी पाणी भरून ताडून पाहिली, तो हात जोडेपर्यंत. दोन्हीकडे एकेक बोळकं, एकेक नारळाची करवंटी, तीन-तीन रोपं. आलेखाच्या कागदावर नकाशा काढून मागच्या काचेला बाहेरून चिकटवला, सही आणि तारखेसह. लहानू म्हणाला, "दादा, मासोळ्याईले वाचता येते का गा?" रुखमाबाई तोंडाला पदर लावून हसली. मी म्हणालो, "हद्द साफ असली का भांडण राहत नाही." म्हणालो आणि उगाच खिडकीबाहेर पाहिलं, तर तिथे भिंत होती.

खरं म्हणजे पलीकडे लहानूची स्वतःची दोन फुटांची टाकी होती. घराची किल्ली आमच्याकडेच. तिथे जाऊन दोन चिमटी खाद्य टाकलं असतं की काम झालं असतं, आणि त्याचा नर आज बोळक्यात बसून असता. मीच म्हणालो, "काहून तिकडं ठेवता? एकाच जागी सोय होईन." त्या सोयीचं खरं कारण असं की तिकडे रोज जायचं म्हणजे ती भिंत पलीकडून पाहायची. चौदा वर्षांत मी ती पलीकडून शक्यतो पाहिलेली नाही. लहानूकडे गेलो की भिंतीकडे पाठ होईल अशाच खुर्चीवर बसतो. समोर टीव्ही येतो. रुखमाबाईला वाटतं भाऊजींना मालिका आवडतात. मी गेलो की ती आवाज मोठा करते, आणि मी तिच्या समाधानासाठी दोन-तीन मालिकांमधल्या सासवा पाठ करून ठेवल्या आहेत.

पहिले बारा दिवस टाकीत शांतता होती. दोन्ही जोड्या दगडापर्यंत यायच्या, एकमेकांकडे बघून गालफडं फुगवायच्या, परत जायच्या. मी खुर्चीत बसून धन्यता अनुभवत होतो. तेराव्या दिवशी माझ्या मादीनं करवंटीच्या छताला अंडी चिकटवली आणि माझा नकाशा रद्द झाला. तिला आधी करवंटी आपली वाटली, मग तिकडची रोपं, मग दगड, मग दगडापलीकडचं बोळकं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सबंध एकशे एकोणीस सेंटिमीटर. लहानूची जोडी वरच्या कोपऱ्यात गेली. मी काय केलं, तर खाद्य टाकण्याची जागा बदलली नाही. मी नेहमी माझ्या जोडीच्या टोकाला बसतो, कारण तिथे पंखा लागतो. हात तिथेच जातो, खाद्य तिथेच पडतं. कोपऱ्यातल्या दोघांपर्यंत जे जायचं ते वाहत गेलेलं उरलंसुरलं. यात कुठेही वाईट हेतू नाही. माझ्या आयुष्यात माझा वाईट हेतू असा कधी नसतोच. मी फक्त जिथे पंखा लागतो तिथे बसतो.

रोज संध्याकाळी पाचला लहानूचा व्हिडिओ कॉल. "दाखव गा दादा माह्ये लेकरं." त्याची जोडी कोपऱ्यात गेली त्या दिवशी मी तिकडे मोबाइल नेला आणि आयत्या वेळी हात वळला. करवंटीसमोर डौलानं फिरणारी माझी जोडी दाखवली. म्हणालो, "हे पाह्य तुह्ये." पलीकडून रुखमाबाईचा आवाज: "बाप्पा! माही तं रंगानं कशी उजळली वं! भाऊजीच्या हाताले गुणच हाये." मी नम्रपणे हसलो. असा मी आठ संध्याकाळी हसलो. परवाच्या कॉलवर लहानू म्हणाला, "दादा, साहिल म्हणते, आता इथंच राहा. रुखमाचंबी मन हाये. पोरीले सोडून तिचा पाय निघत नाही." मी म्हणालो, "अन् घर?" तो म्हणाला, "घराचं काय गा. तिकडं हाये काय आपलं? पाणीबी तुह्यं." आणि हसला. तो हसला ते अगदी साधं हसणं होतं. ते साधं आहे की नाही हे मी दोन दिवस तपासतो आहे. आंघोळ करताना, भाजी निवडताना, कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवणाऱ्याशी बोलताना ते मध्येच ऐकू येतं, आणि दर वेळी ते आणखी थोडं साधं वाटतं.

मेलेला मासा कुठे ठेवायचा हा प्रश्न होता. इंदूनं कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. "सांगून टाका ना सरळ, मेला म्हणून. मासोळीचं का सुतक पाळा लागते?" मला ते पटलं नाही. लहानूचा मासा लहानूच्या जागेत पुरला पाहिजे, एवढा नियम तरी आपण पाळावा असं वाटलं. पायजमा चढवला, किल्ली घेतली, पळी घेतली, माशाला पेपरात गुंडाळलं आणि फाटकातून पलीकडे गेलो. तीन आठवडे बंद असलेल्या अंगणाला एक वास असतो, तापलेल्या धुळीचा. रुखमाबाईच्या कुंड्यांतली तुळस तेवढी तगून होती. आणि भिंत. पलीकडून ती उंच दिसते. बुडाशी एक भोक आहे, आमच्या बोअरचा पाइप येतो ते. भोकाभोवती शेवाळाची हिरवी मिशी, खाली बादली ठेवून ठेवून गुळगुळीत झालेला दगड, आणि त्याच्या बाजूला पाणी भरायचे तीन पितळी गुंड पालथे घातलेले, मोठा, मधला, लहान. जायच्या दिवशी सकाळी रुखमाबाईनं ते घासून ठेवले असणार. ते लख्ख होते. त्यांत माझं तोंड तीनदा दिसलं.

वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी वाटणी झाली. हुडकेश्वरला तेव्हा निम्म्यावर अजून वावरंच होती. प्लॉट पन्नास फूट रुंद, प्रत्येकी पंचवीस. बाहेरचा मोजणीदार आणू, असं मी सुचवलं होतं; हे माझ्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. लहानू म्हणाला, "घरात देव असून देवळात काहून जाऊ? तूच मोज." आदल्या दिवशी पाणी पाहणारा येऊन गेला होता. तळहातावर आडवा नारळ ठेवून तो सबंध प्लॉट फिरला. एका जागी नारळ उभा राहिला आणि त्यानं तिथे खुंटी ठोकली. जागा जवळजवळ मधोमध, मोजल्याशिवाय कोणाच्या वाट्याला जाईल ते सांगता येऊ नये अशी. लहानूच्या भागात बांधकामाला आणलेला कन्हानच्या रेतीचा ढीग होता, कमरेएवढा. लहानू त्याच्या टोकाच्या दगडाशी टेपचं शून्य धरून उकिडवा बसला. मी दुसरं टोक घेऊन मध्याकडे आलो, आणि टेप ढिगावरून गेली. ढिगावरून गेलेली टेप वर चढते, खाली उतरते. तिचे पंचवीस फूट जमिनीवर पंचवीस भरत नाहीत. साखळी धरणाऱ्या नवशिक्या शिपायालाही हे समजतं. नोकरीत मी शेकडो वेळा ओरडलो असेन: ढीग टाळ, टेप उचल, सरळ धर! त्या दिवशी टेपला पडलेला बाक मला दिसला. खुंटीही दिसली. ती माझ्या बाजूला येत होती, चार बोटांनी. सरळ मोजलं असतं तर लहानूच्या बाजूला गेली असती, तितक्याच बोटांनी. यात विचार करायला वेळ लागला असं नाही. "पंचवीस" हा शब्द उच्चारायला जेवढा लागतो तेवढाच. मी म्हणालो, "पंचवीस." ढिगापलीकडून लहानू वर्गातल्यासारखा ओरडला, "पंचवीस!" मी चुना टाकला.

खुंटीच्या जागी नव्वद फुटांवर पाणी लागलं, एवढं की मशीनवाला भिजला. लहानूनं स्वतःच्या भागात दोनशे फूट खणलं, नुसता फुफाटा. तेव्हा मी मोठ्या मनानं भिंतीला भोक ठेवायला सांगितलं. रोज सकाळी वीस मिनिटं मोटर त्याच्यासाठी. एक दिवस खंड नाही. इंदूच्या आईच्या मयताला गेलो त्या दिवशीही मी शेजाऱ्याला किल्ली देऊन गेलो. समोरच्या बायजाबाई सुनांना माझं उदाहरण देतात. आणि रुखमाबाई फुकटचं पाणी घेत नाही. आठवड्याला काही ना काही भिंतीवरून येतं: पाटवड्या, वडा-भात, उन्हाळ्यात सांडगे, आखाडात गुळाचे भजे. तिच्या हाताला चव आहे. चौदा वर्षं मी ती चव घेतो आहे, बोटं चाटतो आहे, आणि भांडं परत करताना इंदू त्यात साखर घालते तेव्हा बाजूला बघतो आहे.

टेप माझ्या पायजम्याच्या खिशात होती. ती असतेच, काही लोकांच्या खिशात तंबाखूची डबी असते तशी. मासा भुईवर ठेवला, टेपची कडी लहानूच्या टोकाच्या दगडातल्या खिळ्याला अडकवली आणि भिंतीपर्यंत आलो. रेती केव्हाच संपली, जमीन सपाट. टेप ताणली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. एवढी वर्षं मी मनाशी अंदाजे सहा इंच धरून चाललो होतो. कोण पाहतं, सहा इंच, हाताच्या पंजाएवढं तर. मोठ्यानं वाचायची सवय जात नाही. "चोवीस फूट तीन इंच," मी वाचलं. म्हणजे नऊ. सबंध वीत. सहा इंचांचा अपराधी म्हणून जगायला मी शिकलो होतो, त्याची बसण्या-उठण्याची रीत अंगवळणी पडली होती, आणि आता या वयात एकदम नऊ इंचांचा झालो. वरच्या तीन इंचांचं जास्त लागलं.

भिंतीवरून इंदूचं डोकं आलं. "काय मोजून राहिले?"

"काही नाही. मासा पुरतो आहे."

"चोवीस फुटाचा होता का जी?"

मी पळीनं खड्डा केला. भिंतीच्या अगदी बुडाशी, पाइपाच्या ओलीत. माती मऊ होती. तो तिथे दोन बोटांत मावला.

दुपारी ऊन डोक्यावर असताना विक्कीच्या दुकानात गेलो. विक्की मानेवाडा रस्त्यावर मासे विकतो; दोन्ही भावांच्या जोड्या त्याच्याकडच्याच. मी मोबाइलमधला फोटो दाखवला. "असाच एक नर दे. डिट्टो."

"देतो ना काका. पण ती घेईन का त्याले?"

"काहून नाही घेणार? वाईट आहे का?"

"यायची जोडी आपल्या मनानं जमते. आपण नाही जमवू शकत. आज टाकसान, परवा त्यालेबी वर काढसान." त्यानं जाळी खाली ठेवली. "केवढी टाकी?"

"चार फूट."

"मंग राहतात ना दोन जोड्या, आरामात. मांडणी कशी केली?"

मी सांगितलं. दगड, निम्मं, दोन बोळकी, नकाशा. सांगताना आवाजात थोडा अभिमान आला, हे मला ऐकू आलं. विक्की टेबलाला धरून हसला. "काका, तुम्ही तं वावर वाटलं! मासोळीले फूट-इंच समजते का? तिले जिथवर दिसते तिथवर तिचंच. चपटा दगड टाकला, वरून आरपार दिसून राहिलं. लकडं घाला, दगड घाला, वाकडेतिकडे आडोसे करा. एकाले दुसरा दिसलाच नाही पाहिजे. अन् दोन जोड्याईले दोन घरं कोण ठेवते? पाच ठेवा. तीन रिकामी राहू द्या. जो हरला तो पळून जाईन कुठं?"

चौतीस वर्षांत मी हजारो माणसांना हद्द दाखवली असेल. ते खुंटीजवळ उभे राहायचे, टोपी काढायचे, घाम पुसायचे, मी कागदावर सह्या घ्यायचो आणि जीपमध्ये बसायचो. हरलेला कुठे जातो हे आमच्या कोणत्याच रकान्यात नव्हतं. विक्कीकडून नर घेतला नाही. एक वाकडं लाकूड आणि तीन करवंट्या घेतल्या; त्यानं करवंट्या फुकटच दिल्या, म्हणाला, चटणीवाल्याकडून आणतो, घेऊन जा. परत येताना मला नऊ वर्षांचा लहानू दिसत होता. काही मोठा प्रसंग नाही. पारशिवनीकडच्या आमच्या वावरात आम्ही धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालायचो. मी पुढे, तो मागे, धुरा अरुंद, आणि तो माझ्या सदऱ्याचं टोक धरून डोळे मिटून चालायचा. डोळे का मिटतो म्हटलं तर म्हणायचा, तू पाहून राहिला ना.

घरी येऊन चड्डीवर टाकीत हात घातले. पेंचचा दगड काढला. नकाशा खरवडला, गोंद निघेना, सहीचा तुकडा राहिलाच. लाकूड आडवंतिडवं रोवलं, रोपं हलवली, करवंट्या अशा ठेवल्या की माझ्याच टोकाला बसून मला दुसरं टोक दिसेना. माझी मादी बोटाला चावली. अंड्यांची आता टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं झाली होती, तिचं बरोबरच होतं. लहानूची मादी तेवढी उरली होती. ती कितीतरी वेळ नळीमागून हलली नाही. मग एकदा खाली आली, सगळ्यात लांबच्या करवंटीपाशी थांबली, आत डोकावली, मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. आत गेली नाही; दारातच उभी राहिली. मी खुर्ची उचलून त्या टोकाला नेली. तिथे पंखा लागत नाही. पाठीवरून घाम ओघळत होता आणि मी तिला म्हणत होतो, जा वं, जा ना आत, आता कोणी पाहत नाही.

पाचला मोबाइल वाजला.

"दाखव गा दादा माह्ये लेकरं."

"तुहा नर मेला," मी म्हणालो. "सकाळी. माह्या जोडीनं मारला. आठ दिवसांपासून मारून राहिली होती, मी पाहत होतो. तुले दाखवत होतो ते माह्ये होते."

लहानूनं तोंड वाकडं केलं, मग मागे वळून सांगितलं, "रुखमा, नर गेला वं आपला." तिकडे पोरगी रडत होती, रुखमाबाईला ऐकू आलं की नाही कोणास ठाऊक. तो म्हणाला, "जाऊ दे दादा. मासोळीच ना. तू काहून एवढा रडकुंडीले आला?"

इथे थांबता आलं असतं. माझ्यासारख्या माणसाला अशा ठिकाणी थांबण्याची चांगली सवय असते. पण पाठीला घाम होता आणि ती मादी अजून करवंटीच्या दारातच उभी होती.

"लहान्या, टेप ढिगावरून गेली होती."

"कोणती टेप?"

"वाटणीची. रेतीच्या ढिगावरून. आज मोजलं. तुह्ये चोवीस फूट तीन इंच भरते. खुंटी तुह्या बाजूची होती. बोअर तुही आहे. पाणी तुह्यं आहे. मले तेव्हाच दिसलं होतं."

पडद्यावरचा लहानू हलेना. मला वाटलं चित्र अडकलं. मग त्याच्या पापण्या हलल्या. मागे पोरगी रडायची थांबली होती. रुखमाबाई कुठूनतरी म्हणाली, "काय म्हणतात भाऊजी?" तो म्हणाला, "काही नाही, मासोळीचं." मग मला म्हणाला, "मी कोणतं टोक धरलं होतं?"

"शून्याचं. तुह्या दगडाजवळचं."

"म्हणजे ढीग माह्या तोंडापुढंच असंन."

"हो."

"मंग मले तं दिसलाच असंन ना."

मी शेकडो भावांचे जबाब घेतले आहेत. कोण खोटं बोलतो, कोण रागावला आहे आणि कोण नुसता थकला आहे, हे मी बांधावर उभं राहून ओळखायचो. यातून मला काहीच ओळखता आलं नाही. त्यानं ओरडावं असं फार वाटत होतं. त्यासाठी दुपारपासून उत्तरं जमवून ठेवली होती. तो ओरडला असता तर मी मान खाली घातली असती, आणि मान खाली घातलेल्या माणसाला कुठे बघायचं हा प्रश्न नसतो. त्याच्या मागे भिंतीवर बाळाचे इवले कपडे वाळत होते. त्यानं तेव्हा पाहिलं असेल आणि मग "पंचवीस" असं ओरडला असेल, तर ती चौदा वर्षं कोणाची होती? त्या पाटवड्या कोणी कोणाला खाऊ घातल्या? मी मोबाइल दोन्ही हातांनी धरला, तोंडाजवळ आणला, कारण यातला एकही शब्द चुकायला नको होता. म्हणालो, "मी भिंत पाडतो. बोअर तुह्या नावानं करतो. वीस मिनिटं मी मागतो तुले पाणी, मीच बादली घेऊन येतो रोज. पण तू वापस ये, लहान्या. तिकडं राहू नोको. मले..." पुढचं वाक्य मला यायचं नाही, ते मी आयुष्यात कोणाला म्हटलेलं नाही, पण ते आलं. "मले तुह्याशिवाय करमत नाही."

लहानू डोळे बारीक करून पडद्यात पाहत होता, शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाला, "दादा."

"बोल."

"मोबाइल जरासा दूर धर गा. मघापासून नुसतं नाकाचं भोक दिसून राहिलं, अन् मोनाली पोरीले दाखवून राहिली का हे पाह्य तुह्ये मोठे आबाजी."